पेन्सिलीचे दोन ठोके

भोंगा जिना चढू लागला, की वरच्या मजल्यावर वहिनी चहाचे आधण ठेवीत. तो अजून पहिल्याच वळणावर असे, पण तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याला त्याने विचारलेले "काय आजोबा, बरं आहे ना?" त्याच्या आधी वर येऊन पोहोचलेले असे. आपण अगदी हळू विचारले, असे त्या बापड्याला मनापासून वाटे. देवाने त्याला सगळे दिले होते, कुजबुज तेवढी द्यायची राहिली होती. गुपित सांगायचे झाले तर तो तोंडापुढे हात धरी, मान खाली वाकवी आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने सांगे, वर म्हणे, "कुठं बोलू नका हं, वहिनी!" समोरच्या खिडकीतून उत्तर येई, "नाही बोलणार, भोंगाजीराव!"

घरोघरी ज्याला खोड म्हणत, त्याच आवाजावर त्याचे पोट होते. छापखान्याच्या मागच्या अंगाला, यंत्रांची घरघर भिंत ओलांडून येई अशा जागी, एक लहान खोली होती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, वरून लोंबणारा एक दिवा. एका खुर्चीत भोंगा बसे, दुसऱ्या खुर्चीत वहिनींचे यजमान. जे छापायचे असेल त्याची मूळ प्रत भोंग्याने मोठ्याने वाचायची. यजमानांनी कच्चा छापलेला कागद पुढ्यात घेऊन, हाती पेन्सिल धरून ऐकायचे. कानावर पडलेले आणि डोळ्यांपुढचे जुळले नाही, तिथे चूक. चूक सापडली की पेन्सिलीचा टेबलावर एक ठोका: थांब. खूण करून झाली की दोन ठोके: पुढे वाच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाची वाणी आणि दुसऱ्याची पेन्सिल, एवढाच त्यांचा संवाद. म्हणून एकाचे नाव पडले भोंगा आणि दुसऱ्याचे पडले कान, आणि नावे अशी घट्ट बसली, की मालकसुद्धा विचारी, "आज कान आले नाहीत का?"

वाचण्याची रीत एकच, आणि ती कानांनी घालून दिलेली: सपाट वाचायचे. लग्नाची आमंत्रणपत्रिका असो, दिवाळे निघाल्याची जाहिरात असो, पुढाऱ्याचे भाषण असो की औषधाच्या बाटलीवरची सूचना असो. आवाज चढायचा नाही, उतरायचा नाही, कुठे गहिवरायचा नाही. भोंगा मुळातला रसाळ माणूस. त्याला हे जड जाई. एखाद्या कवितेच्या पुस्तकात तो रंगू लागला, की लगेच ठोका पडे.

"आता काय चुकलं?" भोंगा विचारी.

"चुकलं काही नाही. तू रंगात आलास, की मी रंगात येतो. आणि आपण दोघं रंगात आलो, की चूक पाय न वाजवता निघून जाते. सपाट वाच."

"अरे, पण इथं नायिका मरतेय!"

"मरू दे. नीट छापून मरू दे."

भोंग्याची बायको लवकर गेली. मागे एक चिमुरडी राहिली. तिला सगळे ठकी म्हणत. वहिनींना मूलबाळ नव्हते. त्या माउलीने कोणाला काही विचारले नाही, कोणाला काही सांगितले नाही. ठकीची झोपायची उशी आपल्या उशीशेजारी मांडली, आणि भोंग्याचे ताट आपल्या दोन ताटांच्या ओळीत. तेव्हापासून तो घरचा झाला. कामाची गर्दी असली, की दोघे मित्र छापखान्याचे कागद घरी आणत आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसत. एक वाची, एक ऐके. आणि आतल्या खोलीत, चुलीपुढे, भांड्यांच्या संगतीने तिसरे कोणी ऐकत असे, हे दोघांच्याही ध्यानात नसे.

वहिनींनी काय काय ऐकले! आगगाड्यांची वेळापत्रके ऐकली, दवाखान्यांचे नियम ऐकले, पंपाच्या दुरुस्तीचे पुस्तक ऐकले. काही मागितले नव्हते, काही निवडले नव्हते; भाजी चिरता चिरता जे कानी पडले, ते मनात मुरले. नगरपालिकेची एक पुस्तिका दरवर्षी नव्याने छापली जाई: पाळीव कुत्र्यांबाबतचे नियम. ती तर वहिनींना तोंडपाठ झाली होती. घरात कधी कुत्रा नव्हता. वहिनी कुत्र्याला भीत. पण एकदा शेजारणीचा कुत्रा जिन्यात भुंकू लागला, तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "नियम दुसरा. नोंद झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असावा व पट्ट्यास बिल्ला असावा. कुठाय बिल्ला?" शेजारीण कुत्र्याला ओढीत आपल्या घरात शिरली. आत टेबलाशी दोघे मित्र पोट धरून हसत सुटले. भोंगा म्हणाला, "कान्या, तुझी नोकरी जाणार बघ. घरातच तयार झालंय माणूस."

कान मात्र हसता हसता थांबले. आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतेस तू?"

"कान तुमच्या एकट्यालाच आहेत का?" वहिनी म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मग एके दिवशी कान गेले. दुखणे नाही, खुपणे नाही. सकाळी खुर्चीत बसले, ते उठले नाहीत. माणसे आली, माणसे गेली. संध्याकाळी भोंगा जिना चढून आला, आणि त्या दिवशी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याला त्याने काही विचारले नाही. त्याच्या हातात दोन कागद होते. छापखान्याने मृत्यूची सूचना वर्तमानपत्रासाठी जुळवली होती. एक मूळ प्रत, एक कच्चा छाप. रिवाजाप्रमाणे त्याने कच्चा छाप कानांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. त्यावर पेन्सिल ठेवली. स्वतः आपल्या जागी बसला आणि वाचू लागला. सपाट. अगदी कानांनी शिकवले होते तसे.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या छापखान्यातील ज्येष्ठ सहकारी श्री." इथवर आला, आणि पुढे नाव होते. तिथे तो थांबला. समोरून ठोका आला नाही. चूक असल्याचाही नाही, पुढे जाण्याचाही नाही. आणि ठोक्यावाचून पुढे जायचे कसे, हे त्या माणसाला उभ्या आयुष्यात ठाऊक नव्हते. तो कागद धरून तसाच बसला. दिवा पेटलेला, ठकी कोपऱ्यात बसलेली, बाहेर रस्त्यावर रोजची वाहने.

वहिनी आतून आल्या. त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नव्हत्या. आज बसल्या. पेन्सिल उचलली आणि टेबलावर दोन ठोके दिले.

भोंग्याने नाव वाचले. पुढे वाचले. वयाच्या आकड्याशी येताच पेन्सिलीचा एक ठोका पडला.

"काय झालं, वहिनी?"

"छापात एक वर्ष जास्त आहे. खूण करते."

"ते असते तर म्हणाले असते, मेल्यावर तरी वय वाढवू नका," भोंगा म्हणाला. आणि मग तो रडला. रडणेही त्याचे मोठ्याच आवाजात होते. सगळ्या इमारतीला कळले, की भोंग्याचा कान गेला.

भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यात पहिला मान श्रवणाला आहे. अर्चन मागून आले, कीर्तन मागून आले, आत्मनिवेदन तर अगदी शेवटी, आधी ऐकणे. कोणीतरी ऐकत आहे या विश्वासावर तर बोलणाऱ्याचा शब्द उभा राहतो. तो विश्वास वहिनींनी भोंग्याला परत दिला. छापखान्याने त्याला पुढे निवृत्त केले, यंत्रे बदलली, ती लहान खोली कागदांच्या गठ्ठ्यांनी भरली. पण दिवेलागणीला भोंगा येई, आपल्या खुर्चीत बसे आणि वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून वाची. वहिनी कानांच्या खुर्चीत बसून, हाती पेन्सिल धरून ऐकत. थकल्या की एक ठोका; दम खाल्ला की दोन ठोके. लोक काही बोलले का? बोलायला वाव कुठे होता? भोंगा वहिनींशी काय बोलतो, ते शब्दन् शब्द सगळ्या मजल्यांना ऐकू जाई. संशय घ्यायचा तरी आवाज जरा कमी हवा.

ठकी शिकली, मोठी झाली, लग्न करून समुद्रापलीकडच्या देशात गेली. तिथे तिचे घर झाले, मुलगी झाली. एकट्या बापाची तिला काळजी लागली. त्यात तिचे काही चुकले नाही. लेक बापाला बोलावणार नाही, तर कोण बोलावणार? पण भोंग्याला ते वहिनींना सांगता येईना. ज्याच्या पोटात कधी काही राहिले नाही, त्याने हे गुपित पोटात ठेवले. तो येई, बसे, वाची; आणि जाताना दारात उगाच घुटमळे. शेवटी एके संध्याकाळी त्याने वर्तमानपत्राऐवजी खिशातून प्रवासाचे तिकीट काढले आणि तेच सपाट आवाजात वाचायला घेतले.

"प्रवाशाचे नाव." नाव वाचले. "निघण्याचे ठिकाण." ठिकाण वाचले. "पोहोचण्याचे ठिकाण."

ठोका पडला. एकच.

भोंगा थांबला. वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली, उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली, येऊन बसल्या. तो वाट पाहत होता. दोन ठोके येईनात.

"परतीचं कुठाय?" त्यांनी विचारले.

"परतीचं काढलेलं नाही, वहिनी."

 मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नियम चौथा काय सांगतो?"

भोंग्याने न अडखळता म्हटले, "मालक स्थलांतर करीत असल्यास त्याने आपल्या कुत्र्यास मागे सोडून जाऊ नये."

"मग?"

"अहो, पण इथं कुत्रा मीच आहे! मालकीण तुम्ही. बिल्ला मात्र ठकीच्या हातात."

"मालकाला सोडून कुत्राच निघाला तर काय करायचं, ते नियमात नाही. कच्चा आहे नियम तुमचा," वहिनी म्हणाल्या. ओठांवर हसू होते; आवाज मात्र हसत नव्हता.

"त्याच्या पुढचं वाक्य विसरलात तुम्ही. तसे करणे भाग पडल्यास योग्य ती सोय लावावी."

"कसली सोय लावताय?"

"फोन करीन. दर रविवारी. तुम्ही पेन्सिल घेऊन बसायचं, मी वाचायचं. टेबल जरा लांब झालं, एवढंच समजायचं."

तेव्हा कुठे वहिनींनी पेन्सिल उचलली. दोन ठोके दिले. भोंग्याने पोहोचण्याचे ठिकाण वाचले.

त्याचे सामान वहिनींनीच बांधले. कानांचा चहाचा कप त्यांनी त्याला दिला. तो फुटू नये म्हणून वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळला, भोवती आणखी कागद कोंबले. निघण्याच्या दिवशी भोंगा जिना उतरू लागला. पहिल्या वळणावर त्याचा आवाज आला, मग तळमजल्यावर: "काय आजोबा, बरं आहे ना? जातो मी आता." मग गाडीचे दार वाजले. वहिनी कठड्याला धरून वरतीच उभ्या होत्या. आवाज संपेपर्यंत ऐकायचे, हा त्यांचा नेम. तो त्यांनी पाळला. नंतर आत येऊन त्यांनी सवयीने आधण ठेवले, आणि पाणी उकळून उकळून आटून गेले.

रविवारी फोन आला. त्याने शब्द पाळला होता. पण वाचायचे काय? ठकीच्या घरात आपल्या अक्षरांचा एक कागद नव्हता. होते ते फक्त कपाभोवती गुंडाळलेले कागद. भोंग्याने ते एकेक करून उलगडले, हाताने सपाट केले, इस्त्री फिरवली, आणि तेच तो दर रविवारी वाची. कांद्याबटाट्याचे जुने भाव, हरवलेल्या छत्रीची जाहिरात, एका सभेचा अर्धाच वृत्तांत. कागद तिथेच फाटला होता. वक्ता "मी आज आपणांस निक्षून सांगतो की" इथवर येऊन कायमचा थांबलेला. भोंगा म्हणे, "वहिनी, या गृहस्थाला काय सांगायचं होतं, या चिंतेनं मला झोप येत नाही." वहिनी म्हणत, "पुढचा कागद माझ्याकडे डब्यात घातलाय. पण सांगणार नाही. तुम्ही येऊन बघा." फोनवर आवाज जरा उशिरा पोहोचे. वहिनींचा ठोका पडला, तरी भोंगा आणखी दोन शब्द पुढे गेलेला असे. मग त्याला माघारी यावे लागे. दोघेही त्याला सरावले.

पण एक गोष्ट वहिनींच्या लक्षात येऊ लागली. भोंग्याचा आवाज उतरत होता. आधी त्यांना फोन कानापासून वीतभर दूर धरावा लागे, पुढे कानाशी, आणि पुढे कानात रुतवून धरला तरी शब्द निसटू लागले.

"भाऊजी, मोठ्यानं वाचा की. तब्येत बरी नाही का?"

"तब्येत झकास आहे, वहिनी. इथं मोठ्यानं बोलत नाहीत. भिंती पातळ आहेत. ठकी काही बोलत नाही हो, गुणाची आहे. पण शेजारी एकदा दारावर येऊन गेले. नातसुद्धा तोंडावर बोट ठेवून दाखवते." तो हसला, पण ते हसणेही हळू होते. "जिन्यात माणसं भेटतात, मान हलवतात, पुढं जातात. बरं आहे ना, असं कुणाला विचारायचं झालं तर शब्दच नाहीत माझ्याकडे त्यांचे. मग मीही मान हलवतो."

वहिनींनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या काळ्या यंत्राकडे पाहत बसल्या. देवाने जी कुजबुज द्यायची राहून गेली होती, ती त्या परक्या घराने त्याला देऊन टाकली होती. अरे भगवंता, ज्याचा आवाज सगळ्या गल्लीचा होता, त्याला तू हे कसले मौन शिकवलेस!

मग एक रविवार फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी ठकीचा आला.

"काकू, बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी आणलंय आता. डोळे उघडे असतात, पण कुणाकडे बघत नाहीत. डॉक्टर म्हणतात, समजत नसावं काही."

"फोन त्यांच्या कानाशी धर," वहिनी म्हणाल्या.

ठकीने धरला. वहिनी बोलल्या, किती बोलल्या! हाका मारल्या, जुन्या गोष्टी काढल्या, रडल्या. "भाऊजी, मी वहिनी. ऐकताय ना? एकदा हूं तरी म्हणा." पलीकडे नुसता श्वास. मग ठकीचाच आवाज आला. "काकू, काही नाही हो. नजर हलली नाही. तुम्ही नका आता त्रास करून घेऊ. ते आता आपले नाहीत राहिले."

वहिनी टेबलाशी येऊन बसल्या. एकच प्रश्न होता, आणि त्याच्यापुढे दुसरा प्रश्न नव्हता: तो आत आहे, की नाही? तो आत असेल आणि त्याच्याशी कोणी बोलायचेच थांबले, तर त्या पातळ भिंतींच्या घरात तो एकटा किती दिवस पडून राहील? आणि तो आत नसेल, तर मग या जगात वहिनींना ओळखणारे कोण उरले? समोर कानांची पेन्सिल होती. पेन्सिल पाहता पाहता त्यांना कानांचे बोलणे आठवले. तू रंगात आलास, की मी रंगात येतो. सपाट वाच. वहिनींनी डोळे पुसले. आज आपण रंगात आलो होतो. आज आपण रडत वाचले. त्या माणसाला या वाचनाची सवयच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला. "ठकी, डावा हात कुठाय त्यांचा?"

"पांघरुणावर."

"पांघरुणावर आवाज होत नाही. हाताखाली काहीतरी कडक ठेव. ताट ठेव."

"ताट? काकू, अहो..."

"ठेव म्हणते ना."

ठकीने ताट ठेवले. काकूंचे मन राखावे म्हणून ठेवले, हे वहिनींना तिच्या आवाजावरून कळले. मग वहिनी ताठ बसल्या आणि, चुलीपुढे इतकी वर्षे जे ऐकले होते, ते न चढता, न उतरता म्हणू लागल्या.

"पाळीव कुत्र्यांबाबतचे नियम. नियम पहिला. कुत्रा पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येक इसमाने तशी नोंद कार्यालयात करावी. नियम दुसरा. नोंद झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असावा व पट्ट्यास बिल्ला असावा. नियम तिसरा. बिल्ला हरवल्यास मालकाने विनाविलंब कळवावे."

 पुढे चौथा नियम होता. तो या माणसापुढे, या अवस्थेत, या पलंगाशी कसा वाचायचा? मन धजेना. त्यांनी तो मुकाट्याने ओलांडला.

"नियम पाचवा. कुत्रा भुंकून शेजाऱ्यांस उपद्रव..."

ठक्.

वहिनी थांबल्या. फोनमधला उशीर होऊन तो आवाज आला होता; बारीक, पत्र्यावर नख आपटावे तसा.

"काकू, हात घसरला त्यांचा ताटावरनं," ठकी म्हणाली.

"गप बस. हात घसरला नाही. मी चुकले."

"काय?"

"मी एक नियम गाळला. मुद्दाम गाळला. त्यांना चाललं नाही."

पुन्हा ठक्. एकच. आणि त्यात, वहिनी मनाशी शपथेवर म्हणाल्या, चिडचिड होती. हातात मूळ प्रत असताना कोणी ओळ गाळली, तर जी व्हावी तीच. मग त्यांनी वाचले. सपाट.

"नियम चौथा. मालक स्थलांतर करीत असल्यास त्याने आपल्या कुत्र्यास मागे सोडून जाऊ नये. तसे करणे भाग पडल्यास योग्य ती सोय लावावी."

त्या थांबल्या. मधे समुद्र होता, आणि समुद्राला वेळ लागतो. ठकी श्वास रोखून उभी असावी. मग तिकडून आले: ठक्, ठक्.

पुढे वाच.

वहिनींनी पाचवा नियम वाचला, सहावा वाचला, शेवटपर्यंत वाचले. पलीकडे ठकी रडत होती, आणि वहिनी तिला वाचता वाचताच म्हणाल्या, "रडू नको गं, त्यांना ऐकू येत नाही नीट."

तेव्हापासून रविवारचा क्रम उलटा झाला. जन्मभर ऐकणारी वाचू लागली, जन्मभर वाचणारा ऐकू लागला. वहिनी वर्तमानपत्र वाचत. डब्यातला तो कागद काढून त्यांनी सभेतल्या गृहस्थाचे उरलेले भाषणही वाचले. त्याला निक्षून सांगायचे होते ते एवढेच, की सभेला अधिक लोकांनी यायला हवे होते. त्यावर ताटावर किती तरी ठोके पडले, भराभर, बेहिशेबी. ठकी म्हणाली, "काकू, बाबा हसतायत बहुतेक." ती आता वडिलांशी सपाट बोलायला शिकली होती, घरात काय आणले, बाहेर हवा कशी आहे, कोण येऊन गेले, सगळे सांगे आणि ताटाकडे पाही.

पण दिवा मंद होत गेला. ठोक्यांना उशीर होऊ लागला, आणि तो उशीर समुद्राचा नव्हता. नंतर दोनांच्या जागी एकच येई, आणि तो थांब म्हणतो की पुढे म्हणतो, हे वहिनींना अंदाजाने ओळखावे लागे. मग एका रविवारी काहीच आले नाही. वहिनी शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिल्या.

ठकीचा फोन पुन्हा आला, तेव्हा ती काही सांगायच्या आत वहिनींना कळले होते.

"काकू, तिकडच्या पेपरात सूचना द्यायचीय. मी लिहिलंय. लिहायची सवय नाही राहिली मला. तुम्ही ऐकता?"

"थांब." वहिनींनी दिवा लावला. कानांच्या खुर्चीत बसल्या. पेन्सिल घेतली. "वाच."

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझे वडील श्री." आणि ठकी थांबली. जिथे तिचा बाप थांबला होता, तिथेच थांबली. कोपऱ्यात बसून तिने ते एकदा पाहिले होते.

वहिनींनी पेन्सिलीचे दोन ठोके दिले.

ठकीने नाव वाचले. मग ती वाचतच गेली, न चढता, न उतरता. आणि त्या दूरच्या आवाजातून वहिनींना दुसराच आवाज ऐकू येऊ लागला. छापखान्याचे नाव बरोबर होते. वय बरोबर होते.

"त्यांच्या पश्चात मुलगी, जावई, नात आणि वहिनी असा परिवार आहे."

पेन्सिल वर उचलली गेली. हाताला सवय होती, मन मागून आले. कोणाची वहिनी? नाव नाही, आडनाव नाही, रक्ताचे नाते नाही. कानांच्या नजरेतून असली ओळ सुटली नसती. जे मूळ प्रतीत नाही, ते छापात येता कामा नये, एवढाच तर त्या लहान खोलीचा धर्म होता. पेन्सिल तशीच अधांतरी राहिली.

"काकू? चूक आहे का काही?"

वहिनींनी ती ओळ मनात पुन्हा एकदा, सपाट, म्हणून पाहिली. मग पेन्सिल टेबलावर टेकली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"पुढे काही नाही, काकू," ठकी हळूच म्हणाली. "एवढंच लिहिलंय."

"बरं," वहिनी म्हणाल्या. तरी त्यांनी फोन कानापासून दूर केला नाही.